एक खोकं भरून चिटोरे आणि एक कोरी वही: स्क्रॅपबुक सुरू कुठून करू?

चिटोरेवाली

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात घर बदललं. सामान हलवताना बुटांचं एक खोकं सापडलं. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "महत्त्वाचं. टाकू नये." आत काय, तर आगगाडीची अकरा तिकिटं, मुलाच्या जन्मावेळी हॉस्पिटलात त्याच्या मनगटाला बांधलेली पट्टी, एका नाटकाचं फाटकं माहितीपत्रक, पासपोर्ट आकाराचे चार फोटो (त्यातला एकही माझा नाही, कोण आहेत देव जाणे) आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी जिच्याबरोबर खोलीत राहायचे त्या मैत्रिणीने दारावर लावलेल्या चिठ्ठ्या. "किल्ली शेजारी आहे." "मला उठवू नकोस, रात्रपाळी होती." "जिन्यातला दिवा बंद करू नकोस." अशा चौदा.

शिवाय कोऱ्या कागदाच्या नऊ पट्ट्या. कोरा कागद कशाला जपला असेल म्हणून उजेडात धरून पाहिला, तर त्या दुकानाच्या पावत्या निघाल्या. अक्षरं उडून गेलेली.

मुलगा म्हणाला, टाकून दे. त्याच क्षणी ठरलं की स्क्रॅपबुक करायचं, म्हणजे हे चिटोरे-फोटो एका वहीत लावून शेजारी त्यांच्या आठवणी लिहायच्या.

आता खरी अडचण. तीन वर्षांपूर्वी हाच उत्साह आला होता आणि मी ऑनलाइन एक जंगी संच मागवला होता. स्टिकरच्या गठ्ठ्याचे गठ्ठे, नक्षी कापायचे पंच, सोनेरी पावडर, कडेला नागमोडी कापणारी कात्री. चार पानं केली. पानं वाळलेल्या पानांसारखी वळली आणि वही पोट सुटल्यासारखी पुढे आली, मिटेचना. मग सगळं कपाटात गेलं. परवा काढून पाहिलं तर गोंद दगड झालाय आणि स्टिकर अजून प्लास्टिकमध्येच आहेत. यंदा तेवढा खर्च पुन्हा करायची तयारी नाही, आणि खरं सांगायचं तर तोंडही नाही.

तर जाणकारांनो: काय घ्यावंच लागतं आणि कशावाचून चालतं? वही फुगते ती का? आणि चित्रकलेत माझी मजल दोन डोंगर आणि मधला सूर्य इथवरच आहे, तर हे आपल्याला झेपेल का?

---

जुनी_कात्री

झेपेल. दोन डोंगर पुष्कळ झाले, सूर्यसुद्धा जास्तच आहे.

पहिलं काम: खोकं जमिनीवर उलटं कर आणि त्यातली *एकच* गोष्ट निवड. माझं ऐकशील तर त्या चौदा चिठ्ठ्या. बाकी सगळं परत खोक्यात. नवशिक्यांचं घोडं नेहमी इथेच अडतं. सगळं आयुष्य पहिल्या पानापासून क्रमाने मांडायला बसतात. मीही बसले होते. माझं पहिलं स्क्रॅपबुक "जन्मापासून आजपर्यंत" असं होतं. मुखपृष्ठ झोकात केलं, बारशाचं पान झालं, रांगण्याचं झालं, आणि गाडी दुसऱ्या वर्षात अडकली. त्याला १८ वर्षं झाली. त्या वहीत मी अजून दोन वर्षांचीच आहे. त्यानंतर केलेली सगळी पुस्तकं मात्र पुरी झाली, कारण प्रत्येकाला विषय एक आणि पानं मोजकी.

आता वही फुगण्याबद्दल. यात तुझा दोष नाही, वहीचा आहे. साध्या वहीची शिवणीजवळची जाडी तिच्या कोऱ्या पानांपुरती असते. तू पुढच्या बाजूला तिकिटं, फोटो, पुठ्ठे चिकटवत गेलीस, म्हणून पुढची बाजू जाड झाली आणि शिवणीकडची तेवढीच राहिली. उपाय सोपा आहे. तयार वही वापरणार असशील तर एकाआड एक पान कापून टाक, पण मुळापासून नाही. शिवणीजवळ बोटभर, म्हणजे साधारण २ सेंमी, पट्टी ठेवून काप. त्या पट्ट्या शिवणीकडे जागा धरतात आणि तेवढ्या जाडीचा ऐवज पानांवर मावतो.

त्याहून बरं म्हणजे वही स्वतःच शीव. ए४ आकाराचे जरा जाड कागद घे, १६० ते २०० जीएसएमचे (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की आठ पानांची, म्हणजे सोळा पृष्ठांची वही होते. प्रत्येक कागदाबरोबर ४ सेंमी रुंदीची एक पट्टीही दुमडून घाल, त्या झाल्या तुझ्या जागा धरणाऱ्या पट्ट्या. घडीवर तीन भोकं पाड. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, मग मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर आणि शेवटी मधल्यातून परत आत. आता आत दोऱ्याची दोन टोकं आहेत. ती त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मार. दहा मिनिटांचं काम आहे. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल आणि एकदा सुई हरवेल.

दुमडण्याआधी कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघ, घडी घालू नकोस. एका दिशेला तो निमूट वाकतो, दुसऱ्या दिशेला हट्ट करतो. निमूट वाकतो तो कागदाच्या धाग्याच्या अंगाने. शिवण त्या अंगाने आली की पानं नीट उघडतात. ए४ च्या पुष्कळ कागदांत धागा लांबीकडे जातो आणि आपल्याला घडी आडवी हवी असते, तर तिथे थोडी तडजोड करावी लागते. जमलं तर दुप्पट मोठा कागद आणून आपल्याला हवा तसा कापून घ्यावा.

पानं वळली ती पातळ गोंदामुळे. ओलावा लागला की कागद पसरतो, वाळला की आक्रसतो, आणि तोही एकाच बाजूने. म्हणून ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापर. लावायची ती चिकटवायच्या तुकड्याला, पानाला नाही. पान झालं की वर बटर पेपर ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेव.

खरेदी इतकीच: जाड कागद, ग्लू स्टिक, ती टेप आणि पिगमेंट शाईचं (सहज न उडणाऱ्या) एक काळं पेन. कात्री, सुई, पट्टी घरात असतेच. नक्षीचा कागद विकत घेऊ नकोस. टपालाने येणाऱ्या पाकिटांच्या आत निळी-काळी जाळी छापलेली असते ती पाहिलीस कधी? कापून बघ. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू, जुना नकाशा, नव्या शर्टातला पुठ्ठा, सगळं चालतं. सोनेरी पावडर शत्रूला भेट दे. ती घरातून कधीच जात नाही.

मांडणीला एकच नियम पाळते मी: पानावर एक मोठी गोष्ट, एक लहान आणि एक लिहिलेली. बाकी तळहाताएवढी जागा मोकळी. लगेच चिकटवायचं नाही. मांडून फोनवर फोटो काढायचा आणि तो लहान करून बघायचा. काय तिरकं आणि कुठे गर्दी, ते तिथे लगेच कळतं. मजकूर वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून मग लावायचा, म्हणजे खाडाखोड झाली तरी पान वाया जात नाही.

आणि हो, नुसतं "गोड आठवणी" असलं काही लिहू नकोस. जिन्यातला दिवा का बंद करायचा नव्हता, ते लिही.

---

मागचं_पान

+१. माझी हौस विद्यार्थ्याच्या खिशातली, तर एक युक्ती माझ्याकडून. फोनमधले फोटो सुटे सुटे छापू नका. चार फोटो एकाच ४×६ इंचांच्या चौकटीत बसवून एक प्रिंट काढा आणि कापा. २×३ इंचांचे चार फोटो मिळतात, एकाच्या खर्चात. वहीच्या पानाला हा आकार मोठ्या फोटोपेक्षा जास्त शोभतो.

वाशी टेपबद्दल (नक्षीदार कागदी चिकटपट्टी) एक सावधगिरी. दिसते सुंदर, पण तिचा चिकटपणा मुळात हलकाच असतो, उचलून पुन्हा लावता यावी म्हणून. नुसत्या तिच्या भरवशावर काही लटकवलं तर वर्षभरात खाली पडतं. माझी एका सहलीची अख्खी पानं अशी रिकामी झालीत, फक्त टेपच्या चौकटी उरल्यात.

---

कागदाचा_किडा

जुन्या कागदपत्रांची निगा राखणं हे माझं पोटाचं काम आहे, त्यामुळे थोडं किरकिरेपण सहन करा. कात्रीताईंचं वही शिवणं फर्मास. पण "सगळं चालतं" याला माझी हरकत आहे.

स्वस्तात करा, अगदी जरूर करा. मात्र फोटोला किंवा मूळ चिठ्ठीला जे प्रत्यक्ष *टेकतं*, तिथे काटकसर नको. नक्षीचा कागद, पुठ्ठा, पाकिटाची जाळी ही सगळी मंडळी चार बोटं लांब बसवा. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, आम्ल तयार होतं, आणि शेजारच्या कागदावरही त्याचा डाग उमटतो. कात्रण हवंच असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स लावा. कागद घेताना "आम्लरहित" आणि "लिग्निनरहित" हे दोन्ही शब्द शोधा. चांगल्या कागदात थोडं कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, ते पुढे तयार होणारं आम्लही पचवतं. पाकिटावरच्या "फोटो-सेफ" या शब्दाला मी फारसा मान देत नाही, तो कुणीही छापतो. आयएसओ १८९१६ या मानकानुसार एक चाचणी असते, फोटोग्राफिक अ‍ॅक्टिव्हिटी टेस्ट. शेजारचा कागद किंवा गोंद फोटो खराब करतो का, ते तीत तपासतात. तिचा उल्लेख असेल तर गोष्ट निराळी.

चिटोरेवाली, तुमच्या नऊ कोऱ्या पट्ट्या म्हणजे थर्मल कागद. त्याच्यावर शाई नसतेच. उष्णतेने काळा होणारा लेप असतो, आणि उजेड, ऊब, प्लास्टिकचा सहवास यांनी तो रंग पुन्हा उडतो. त्या गेल्या. पण अकरा तिकिटांपैकी काही त्याच जातीची असू शकतात. छापील बाजूच्या एका कोपऱ्यावर नख जोरात ओढून बघा. काळी रेघ उमटली तर थर्मल. तसं असेल तर आजच स्कॅन किंवा झेरॉक्स करा, उद्यावर टाकू नका.

मुलाची मनगटपट्टी बहुधा पीव्हीसीची असेल. नव्या प्लास्टिकच्या पडद्याला येतो तसा वास येणारं हे प्लास्टिक फोटोला लागू देऊ नका. कागदाचं छोटं पाकीट करून त्यात ठेवा. पारदर्शक खिसे लागले तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्याची दुसरी प्रत नाही ते चिकटवू नका, ग्लू स्टिकनेही नाही. कागदाचे कोपरे करा, त्याला खर्च शून्य. ४ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद पट्टी घ्या. वरची दोन्ही टोकं अशी खाली दुमडा की ती खालच्या काठाच्या मध्यावर भेटतील. झाला त्रिकोणी खिसा. गोंद लावायचा तो त्रिकोणाच्या सपाट पाठीला, फोटोला नाही. असे चार कोपरे लावले की फोटो बसतोही आणि हवा तेव्हा निघतोही.

---

जुनी_कात्री

किडेसाहेब, अहो चिठ्ठ्या आहेत त्या, ताम्रपट नाहीत. चौदा चिठ्ठ्यांना छप्पन्न कोपरे करत बसली तर मुलाचं लग्न होईल. चिकटवू द्या तिला. वापरलेली वही चिकटलेली बरी, जपलेलं खोकं काय कामाचं?

(लिग्निनचं मान्य. माझ्या पहिल्या वहीत कात्रणांच्या समोरच्या पानांवर तपकिरी चौकोन आहेत खरे.)

---

नुसता_वाचक

हे सगळं फोनच्या गॅलरीत होत नाही का? शोधताही येतं.

---

चिटोरेवाली

@नुसता_वाचक, गॅलरीत माझे काही हजार फोटो आहेत. शेवटचा शोधला होता तो गॅस सिलिंडरच्या नंबराचा.

बाकी सर्वांचे आभार. नखाची परीक्षा केली. अकरापैकी चार तिकिटांवर काळी रेघ! त्या रात्रीच स्कॅन केली. ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) पुरे का?

---

कागदाचा_किडा

तेवढ्याच आकारात पुन्हा छापायचं असेल तर ३०० पुरे. ४×६ चा फोटो त्यात १२०० × १८०० पिक्सेलचा होतो. पासपोर्ट फोटोसारखं लहान काही मोठं करून लावायचं असेल तर ६०० वर करा. झटपट कॅमेऱ्यातून बाहेर पडणारे जाड पांढऱ्या चौकटीचे फोटो कुणाकडे असतील तर ते कापू नका. त्या चौकटीच्या आत रसायनं असतात.

---

पिवळा_अल्बम

चर्चेच्या या धाग्यात घुसते जरा. माझ्याकडे आईचा अल्बम आहे, चिकट रेघांची पानं आणि वर प्लास्टिकचा पडदा असलेला. त्यातले फोटो काढून स्क्रॅपबुक करायचंय, पण ते सुटतच नाहीत. एक ओढला तर कोपरा फाटला.

---

कागदाचा_किडा

ओढू नका! आधी प्रत्येक पानाचा जसा आहे तसा फोटो काढून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तरी प्रत हाती राहील. मग दात साफ करायचा मेण नसलेला फ्लॉस (बारीक दोरा) फोटोच्या पाठीमागे घालून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे सरकवा. फोटो वाकवायचा नाही. अर्ध्यात अडला तर तिथेच थांबा आणि ते पान तसंच स्कॅन करा.

गंमत म्हणजे "चिकट पानांची वही" ही कल्पना फार जुनी आहे. लेखक मार्क ट्वेनने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं. पानावर आधीच गोंद लावलेला असायचा, तो ओला करायचा की कात्रण बसलं. गोंदाच्या बाटलीला माणूस दीडशे वर्षांपूर्वीही कंटाळलाच होता.

---

चिटोरेवाली

धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले.

वही शिवली. सुई हरवली (कात्रीताई, तुम्हाला कसं कळलं?). एकेक पट्टी घालायचं मी आधी विसरले आणि सगळं उसवून पुन्हा शिवलं, म्हणून भोकं जरा मोठी दिसतात. कागद थोडा हट्टी दिशेचाच निघाला, पण वही मिटते. नीट मिटते. पहिल्या दिवशी मी ती उगाच सात-आठ वेळा उघडून मिटली.

मग चौदा चिठ्ठ्या पसरल्या, मांडून फोटो काढला, लहान करून पाहिला. तेव्हा दिसलं की तेरा चिठ्ठ्यांतला "क" एक आहे आणि दिव्याच्या चिठ्ठीतला वेगळा. मैत्रिणीला फोन लावला, सहा वर्षांनी. म्हटलं, जिन्यातल्या दिव्याचं काय होतं गं? ती म्हणाली, मला काय विचारतेस, तूच लिहायचीस. तुला अंधाराची भीती वाटायची.

चिठ्ठी उलटी केली. मागे तिच्या अक्षरात, पेन्सिलने: "केला बंद. बिल काय जिना भरणार आहे?"

माझ्या हातात तेव्हा ग्लू स्टिकचं टोपण उघडलेलं होतं.

मग सगळ्याच चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. आणखी पाचांच्या मागे काही ना काही आहे. एकीवर हिशेब, एकीवर एका माणसाचं नाव तीन वेगवेगळ्या वळणांनी गिरवलेलं (ते मी इथे सांगणार नाही, तिनेही बजावलंय). तर त्या सहाही चिठ्ठ्यांना कोपरे लावले, चोवीस झाले, एका रविवारच्या दुपारी. उरलेल्या आठ बिनधास्त चिकटवल्या. म्हणजे दोघांचंही ऐकलं, भांडू नका.

दिव्याच्या पानावर मोठी गोष्ट ती चिठ्ठी, लहान गोष्ट पाकिटाच्या निळ्या जाळीतून कापलेला जिना, पाच पायऱ्यांचा, चार बोटं लांब बसवलेला. शेजारी लिहिलं, "काढून उलटी करावी." मुलाने वही हातात घेतल्यावर सर्वात आधी तेच केलं.

खर्चाचं म्हणाल तर अर्धी ग्लू स्टिक संपली. संच कपाटातच आहे. नागमोडी कात्रीने मात्र मुखपृष्ठाची कड कापली, तेवढी तिला संधी दिली.

एकच अडलंय. खाली डावीकडचा कोपरा दर वेळी चिठ्ठी काढताना निसटतो. पट्टी मोठी घेऊ की कागद जाड?

---

कागदाचा_किडा

पट्टी मोठी. ६ × ३ करा.

---

जुनी_कात्री

आणि उजवीकडून काढायची सवय लावा मुलाला. आता तिकिटं काढ बाहेर.